शून्यावर नसलेला काटा

मगदूमसरांना मी शेवटचा भेटलो तो रुग्णालयात. "कसं वाटतंय?" असे विचारले. डोळे न उघडताच त्यांनी प्रतिप्रश्न केला, "तुमचा अंदाज काय?" काही दिवसांनी ते गेले. माझा अंदाज तोच होता.

सर विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत. मी हुपरीच्या शाळेत गणित. विद्यापीठ आणि शाळा यांनी मिळून चालवलेल्या उपक्रमासाठी ते दर शनिवारी कोल्हापूरहून एसटीने येत. व्याख्यान देत नसत. मुलांपुढे एक प्रश्न ठेवत आणि मागच्या बाकावर जाऊन बसत. त्यांनी सोबत आणलेल्या, वजन मोजायच्या स्प्रिंगच्या ताणकाट्याबाबत मात्र त्यांचा एकच दंडक होता : काही टांगण्याआधी काटा शून्यावर आहे का, ते पाहा. उत्तर ते कधीही सांगत नसत. या सवयीचा मला प्रारंभी राग येई. पुढे मुलेच एकमेकांशी भांडत सूत्रापर्यंत पोहोचू लागली, तेव्हा मी खडू खाली ठेवला.

एकदा त्यांनी विचारले, "चांदी न घासता, न वितळवता तिच्यात दुसरा धातू किती, हे कसं ओळखाल?" गावात घरोघरी पैंजण घडतात. मुलांनी ते आणले, हवेत तोलले, पाण्यात बुडवून तोलले. बहुतेकांचे गणित जुळले. नववीतल्या सानिकाचे मात्र, तिचे वडील गिऱ्हाइकांना सांगत त्या शुद्धतेशी जुळेना. तिने ते घरी सांगितले... तेही गिऱ्हाईक समोर बसलेले असताना.

पुढच्या शनिवारी तिचे वडील वर्गाच्या दारात उभे, नजर मगदूमसरांवर. "ओ सर, पोरगी शिकायला घातलीया, का बापाची झडती घ्यायला?"

सानिकाच मधे बोलली, "पप्पा, परत मोजूया की. तुम्हीच धरा काटा."

त्यांनी काटा धरला नाही.

तक्रार विद्यापीठात गेली. बैठकीत विभागप्रमुखांनी तोडगा काढला : मुलीची मोजण्यात चूक झाली एवढे म्हणा, उपक्रम वाचेल. "मी पुन्हा मोजलंय. चूक नाही," सर म्हणाले. उपक्रम बंद झाला. सानिकाला घरच्यांनी पुढे विज्ञान शाखेला जाऊ दिले नाही. सरांनी हुपरीचे नाव पुन्हा काढले नाही. पण शनिवारी सकाळी ते बूट घालून बसत, असे त्यांच्या पत्नीने मला परवा सांगितले.

शोकसभेत त्याच विभागप्रमुखांनी सरांच्या 'समाजाभिमुख अध्यापना'चा गौरव केला. शाळेने त्यांचा ताणकाटा काचेच्या कपाटात टांगून ठेवला आहे. खाली नावाची पाटी, कपाटावर हार, दाराला कुलूप. मी पाहायला गेलो, तेव्हा आठवीतली एक मुलगी काचेला नाक लावून उभी होती.

"सर, ह्याला कायच टांगलेलं न्हाय. मग काटा शून्याच्या खाली का हाय?"

"काचेला हात लावू नकोस," मागून आलेले मुख्याध्यापक म्हणाले.

ती माझ्याकडे पाहू लागली. मी विचारले, "तुझा अंदाज काय?"

तिने दोन अंदाज सांगितले : स्प्रिंग सैल झाली असेल, नाहीतर टांगताना काटा शून्यावर आणलाच नसेल. दोन्ही पडताळून पाहण्याजोगे होते. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात होती.