कानबाईचा नारळ पडला नव्हता

सोनीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिने स्पीकरची वायर उपटली तेव्हा. मी शिकवते त्या सिल्वासातल्या मराठी शाळेत स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम चालू होती. ज्या मुलींकडे पोशाख नव्हते त्यांना शेवटच्या रांगेत उभं केलं होतं, आणि पाचवीतली सोनी त्या रांगेत होती. गाणं मध्येच बंद पडलं. तालीम घेणाऱ्या श्रीकांत सरांनी विचारलं, "वायर कोणी काढली?" ती वायर हातात घेऊनच पुढे आली.

"सर, मागं गाणं ऐकूच येत नई. आम्ही काय पुढच्या पोरींच्या वेण्या पाहून नाचायचं का?"

सरांनी स्पीकर मैदानाच्या मधोमध आणला आणि शिक्षा म्हणून त्याची राखण तिच्यावर सोपवली. ती तिने इतक्या इमानाने केली की पुढे सरांनाही बटण दाबायला तिची परवानगी लागायची.

सोनीचे वडील झिपरूभाऊ शिंदखेड्याकडचे. सिल्वासाजवळ खडोलीच्या सूत कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि तिथल्याच एका चाळीत राहिले. चाळ बहुतेक खानदेशी माणसांची. गाव सोडताना त्यांनी फार काही आणलं नाही, पण कानबाई आणली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, साडी लेववून चौरंगावर बसवायचं, रात्रभर जागवायचं, आणि सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन नाचत दमणगंगेवर न्यायचं. माझं माहेर रत्नागिरीचं, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सोनी सातवीत असताना तिची आई पुतळाबाई मला बोलवायला आली, तेव्हापासून मी दरवर्षी जाते.

पुतळाबाई चौरंग डोक्यावर घेऊन असं नाचायची की वाजंत्री तिच्या पावलांकडे पाहून वाजवायचे. तिच्यासमोर नाचणाऱ्या बायका मात्र सगळ्या उलट्या चालायच्या, नदीपर्यंत, पाठीमागे न बघता. कानबाईला पाठ दाखवायची नाही, एवढा एकच नियम. पुढे पुतळाबाईचा गुडघा गेला आणि चौरंग सोनीच्या डोक्यावर आला. तोपर्यंत सोनीही त्याच कंपनीत लागली होती. वर्षभर बॉबिनं भरणारी ही मुलगी त्या एका सोमवारी साऱ्या खडोलीला नाचवायची.

मग तो सिनेमा आला. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आधीच त्याला फार प्रसिद्धी मिळाली आहे. नाचावरच्या एका चांगल्या सिनेमाचा तो दुसरा भाग. पहिला भाग गिरणीत काम करणाऱ्या मुलींच्या नाचाचा होता आणि सोनीच्या वर्गातल्या मुलींना तो तोंडपाठ होता. त्यामुळे दुसऱ्या भागाचं शूटिंग नदीकाठी होणार आणि शूटिंगला माणसं पुरवणाऱ्या मंडपवाल्या योगेशला नाचणाऱ्या मुली हव्या आहेत हे कळल्यावर खडोलीची पोरं-पोरी हरखून गेली. नाच बसवणारी केतकी नावाची एक मुलगी चाळीत आली. मोबाइलवर कानबाईची मिरवणूक पाहून ती म्हणाली, "अगदी हेच पाहिजे आम्हाला."

पुतळाबाईने अट घातली. "नारळ बिनपूजेचा घ्या. मनी कानबाई शूटिंगले येवाव नही." ते मान्य झालं.

त्या दिवशी मी नदीवर होते. समोर रूळ टाकून त्यांवर कॅमेऱ्याची गाडी ठेवली होती. सोनीच्या डोक्यावर चौरंग, तिच्यापुढे मुली. केतकीने त्यांना बजावलं, तोंड कॅमेऱ्याकडे ठेवा. मुलींनी माना डोलावल्या. पण तोंड कॅमेऱ्याकडे म्हणजे पाठ कानबाईकडे. नारळ बिनपूजेचा होता हे त्यांच्या डोक्याला ठाऊक होतं, पायांना कोण सांगणार? वाजंत्री सुरू झाली आणि सगळ्या पोरी गर्रकन सोनीकडे वळून उलट्या नाचू लागल्या. रुळांपाशी आल्या तेव्हा चाळीतल्या दुर्गाची टाच अडकली. ती पडली, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि त्यांच्यावर सोनी.

मी हे जवळून पाहिलं आहे, म्हणून नेमकं लिहिते. पडणारा माणूस हात टेकतो. सोनीने टेकले नाहीत. दोन्ही हातांनी तिने चौरंग वर धरून ठेवला आणि हनुवटी रुळावर आपटली. रक्त गळत होतं, पण चौरंग तसाच होता आणि त्यावरचा नारळही तसाच होता. दुर्गाने तिच्या हातांतून चौरंग काढून घेतला, मगच सोनीने हनुवटीला हात लावला. टाके पडले. दुपारनंतर उरलेल्या मुलींकडून दुसरंच काहीतरी करून घेतलं आणि मंडळी गेली.

सिनेमा उन्हाळ्यात लागला. आम्ही सगळ्या मिळून पाहायला गेलो. पडद्यावर पोरी उलट्या नाचत आल्या, धडाधड पडल्या, आणि प्रत्येक पडण्याला स्प्रिंग ताणून सोडल्यासारखा आवाज जोडला होता. सोनी पडली. तिचे हात दिसायच्या आत चित्र बदललं आणि एक नारळ, नथीसकट, घरंगळत थेट नायकाच्या बुटापाशी आला. नायक म्हणाला, "ही तुमची टीम?" मग शहरातल्या मुली आल्या आणि त्यांनी नाच कसा करायचा ते दाखवलं.

थिएटर हसून हसून लोळत होतं. सोनी हसली नाही, रडली नाही. मध्यंतरात म्हणाली, "बाई, तो नारळ माझा नव्हता. त्यांनी नंतर दुसरा सोडला." आणि चालत घरी गेली.

पेपरांनी सिनेमा धुऊन काढला. श्रीकांत सर कात्रणं घेऊन माझ्याकडे आले, सोनीही बसली होती. गोष्ट नाही, अभिनय नाही, नुसता गोंगाट, असं सर समाधानाने वाचत गेले. "बघ, कोणी मोजत नाही त्यांना," ते म्हणाले.

"सर, त्यात नारळाचं काही लिहिलंय का?"

सर पुढचं कात्रण मनातल्या मनात वाचू लागले. मी ते हातातून घेतलं. त्यात होतं, की संपूर्ण सिनेमात हसू येतं ते फक्त गावठी मुली पडतात तेव्हा. मला इतका राग आला की कात्रण मी चहाच्या कपाखाली ठेवून दिलं. ज्यांना सिनेमा आवडला ते हिला हसले, ज्यांना आवडला नाही तेही हिलाच हसले. आणि सिनेमा काही पडला नाही. लोक शिव्या देत तिकिटं काढत होते. थिएटरबाहेर आठवडेच्या आठवडे पाटी होती, हाऊसफुल्ल.

खडोलीत पोरांच्या मोबाइलमध्ये तो स्प्रिंगचा आवाज आला. सोनी पाळीला निघाली की टपरीवरून वाजायचा. श्रावणाच्या तोंडावर चाळीतली मोठी माणसं बसली. कानबाईचं सगळं पाहणारे भास्करआप्पा, भला माणूस, तंबाखू मळत म्हणाले, "पोरी, या वर्षी चौरंग दुसरी कोणी घेईल."

"का?"

"गावाकडूनबी फोन येतात. कानबाई पाडली म्हणे तुमच्या पोरीनं."

"पाडली नई, आप्पा. हात सोडले असते तर ही फुटली असती का?" तिने हनुवटी पुढे केली.

"मले माहीत आहे. जगाले कुठं माहीत आहे? तू निघशील आणि पोरं तो आवाज लावतील. देवीचं हसं होईल."

"मग पोरांचे कान धरा ना. माझं डोकं कशाला धरता?"

झिपरूभाऊ खाली बघत बसले होते. दुर्गा म्हणाली, "आप्पा, मी होते तिथं," तर तिची सासू म्हणाली, "तू तर पहिली पडली, तू काय सांगते." ठरलं ते ठरलं. सोनी उठून गेली. दार तिने आपटलं नाही, इतकं सावकाश लावलं की मला ते जास्त लागलं.

तेव्हा पुतळाबाई बोलली, "चौरंग मी घेसू."

"तुना गुडघा?"

"गुडघा मना शे, आप्पा."

सोमवारी तिने खरोखर चौरंग डोक्यावर घेतला. लंगडत, दात आवळून ती चालली. नाचता येत नव्हतं. सोनी पार कडेला होती, हाताची घडी घालून. टपरीपाशी आलो आणि तो आवाज वाजला. कोणीतरी फिसकन हसलं.

पुतळाबाई थांबली. वाटेत ज्याच्यासमोर चौरंग थांबतो त्याने तो घ्यायचा, ही चाळीची रीत. दमलेली बाई समोरच्या बाईला देते, मध्ये कोणी बोलत नाही. पुतळाबाई वाजंत्र्यांना ओलांडून, बायकांना ओलांडून कडेला गेली आणि सोनीसमोर उभी राहिली.

रीतीपुढे भास्करआप्पाही बाजूला झाले. सोनीने चौरंग घेतला.

ती आधी टपरीसमोर नाचली. तिथून हललीच नाही. आवाज पुन्हा वाजला, ती नाचतच राहिली, नजर सरळ त्या पोरांवर. असा संतापलेला नाच मी जन्मात पाहिला नाही. पाय असे पडत होते की डांबरावरची खडी उडत होती, आणि वर नारळाची नथसुद्धा हलत नव्हती. मोबाइल बंद झाला. मग दुर्गा पुढे आली, सोनीकडे तोंड केलं आणि उलटी चालू लागली. एकेक करून बायका आल्या. शेवटी दुर्गाची सासूही आली. नदीपर्यंत कोणीही पाठ फिरवली नाही.

इथे थांबता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण त्या नाचाचं कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि दोन दिवसांत ते फिरू लागलं, शेवटी तोच आवाज आणि तोच घरंगळणारा नारळ जोडून. चाळीने पाहिलं. या वेळी मात्र भास्करआप्पाच पोरांच्या घरोघरी गेले. "मी तिथं होतो," असं सांगत फिरले. खडोलीबाहेर कोणाला सांगणार?

दिवाळीत योगेश चाळीत आला. दुसऱ्या भागाने एवढा गल्ला जमवला की तिसरा निघतो आहे, मुली पाहिजेत. सोनीने त्याला चहा दिला.

"नारळ कोणी सोडला ते तिसऱ्यात दाखवणार का?"

"अरे सोनी, तू अजून तेच धरून बसली? कॉमेडी होती ती."

"हो, धरूनच बसली. धरायची सवय आहे मला."

चहा अर्धा टाकून तो गेला. तिसऱ्या भागात खडोलीची एकही मुलगी नाही.

सोनी आता चोवीस वर्षांची आहे. सकाळच्या पाळीला कंपनीत जाते, आणि रविवारी अथाल गावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना नाच शिकवते. मोबाइल दाराबाहेर एका बादलीत ठेवावे लागतात, माझासुद्धा.