बेबाबाईच्या अकरा पेट्या

बेबाबाईला नवऱ्याने टाकली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. टाकली म्हणजे मारझोड करून घराबाहेर काढली असं नाही; तसं केलं असतं तर चार लोक निदान हळहळले तरी असते. तो तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी सोडून गेला आणि न्यायला आलाच नाही. पुढच्या आखाजीला त्याच्या दुसऱ्या लग्नाची बातमी आली. नऊ वर्षांत मूल नाही, एवढं कारण त्याला पुरलं. पुढे त्या दुसरीलाही मूल झालं नाही. पण तेव्हा कोणाच्या तोंडून निघालं नाही की अरे, त्या पहिलीवर उगाच आळ घेतला. उलट लोक म्हणाले, पहिलीचाच तळतळाट लागला असेल. बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार!

माहेर सोनगीरपासून दोन-अडीच कोसांवर. भाऊ लोटन, भावजय सुगंधाबाई आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी मंदा. सुगंधाबाईने नणंदेला तोंडावर कधी वाईट म्हटलं नाही. फक्त शेण, पाणी, दळण, निंदणी आणि मंदा, एवढं हळूहळू तिच्याकडे सरकवलं आणि आपण मोकळी झाली. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. ही गाय तर लाथही मारत नव्हती.

मंदा बेबाबाईच्या कुशीत झोपायची. गोवर आला तेव्हा अकरा दिवस तिच्या उशाशी बेबाबाई बसली होती, आई नव्हे. मंदा तिला फुई म्हणायची, म्हणजे आत्या. पण हाक आईला मारावी तशी मारायची. त्या हाकेवर बेबाबाईने सोळा वर्षं काढली.

अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात गिरधर साहेब गावात आले. मधमाश्या पाळण्याची सरकारी योजना होती. चावडीपुढे त्यांनी लाकडी पेटी उघडून दाखवली, आतल्या आठ चौकटी दाखवल्या, आणि चौकटीवर माश्या दिसताच निम्मा गाव पारापर्यंत पळाला. उरलेल्यांनी मध फुकट मिळेल का, एवढंच विचारलं. लोटन तेव्हा पंचायतीत होता. साहेबांची पेटी तशीच परत गेली तर बरं दिसणार नाही, म्हणून त्याने ती घरी आणली आणि परसदारी ठेवून बहिणीला म्हणाला, "बेबा, हाई खोकं तू संभाय. तुले काय पोरंसोरं शेतस, चावतीन त्यास्ले?"

तो हसला. बेबाबाईही हसली, कारण हसायचंच होतं.

पण खोक्यात तिचा जीव गुंतला. गिरधर साहेब महिन्यातून एकदा सोनगीरहून सायकलवर यायचे आणि तिला शिकवायचे. दोन वेळा खाकरून, हळू आवाजात, अगदी मास्तरासारखं. "बाई, घाई करायची नाही. घाई केली की माशीला कळतं." तिला घाई कसली असणार? आयुष्यात तिची कोणी वाट पाहत नव्हतं. उघड्या हातांनी ती चौकट उचलायची, उन्हाकडे धरून बघायची: खालच्या घरांतली अंडी, वरच्या घरांतला मध, आणि सगळ्यांच्या मधोमध लांबट पोटाची राणी. त्या राणीला ती मनातल्या मनात नमस्कार करायची. एवढी लेकरं!

दरवर्षी माघ लागला की लोटनच्या वावरात बियाण्याच्या कांद्याला पांढरे गोंडे यायचे, शेवगा फुलायचा, आणि पेटी माश्यांनी गच्च व्हायची. मग पेटी फोडायची. जुन्या राणीला अर्ध्या चौकटींसकट नव्या पेटीत घालायचं, आणि जुन्या पेटीत पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याएवढं राणीचं घर लोंबत असेल ते तसंच ठेवायचं. त्यातून नवी राणी निघते. एकीच्या दोन झाल्या. दोनाच्या चार. तिसऱ्या वर्षी दोन पेट्या मुंग्यांनी खाल्ल्या, तेव्हा तिने पेट्यांखालच्या स्टँडच्या प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवली. चौथ्या वर्षी, म्हणजे ब्याण्णवच्या माघात, परसदारी भिंतीच्या कडेने अकरा पेट्या उभ्या होत्या. लोटनच्या कांद्याला दीडपट बी धरू लागलं होतं. ते त्याने आपल्या हुशारीच्या खाती टाकलं.

गावात कोणाच्या घरी बाळ झालं की मधासाठी माणूस बेबाबाईकडे यायचा. त्या भागातली रीत अशी, की बाराव्या दिवशी घरातल्या जाणत्या बाईने सोन्याची अंगठी मधात बुडवायची आणि बाळाच्या जिभेला लावायची. जिच्या हातचा मध लागतो तिचा गुण लेकराला लागतो म्हणे. म्हणून हात निवडून घेतात. बेबाबाईचा मध सगळ्यांना हवा होता. तिचा हात कोणालाच नको होता. ती ओट्याच्या पायरीशी बाटली द्यायची, आणि बाटली नेणारी बाई पदराने बाटली पुसून घ्यायची. बेबाबाईला ते दिसायचं. आपल्या हाताला लागलेला मध पुसतेय, असं ती स्वतःला सांगायची.

मंदाचं लग्न शिरपूरकडे झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती पौषातच आली. आल्या दिवशी परसदारी फुईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "फुई, मना पोऱ्याले पहिला मध तूच चाटाडजो. माले तूच मोठी करी ना?"

बेबाबाई म्हणाली, "तुनी माय काय म्हणीन?"

"मायले मी सांगसू."

त्या रात्री बेबाबाईला झोप आली नाही. शेवगा फुलला तसा भिंतीकडच्या सगळ्यात जोरकस पेटीतला, शेवग्याच्या फुलांचा मध तिने वेगळा काढायला सुरुवात केली. बाटली लहानच, पण तिने तीनदा गाळली. आजवर तिने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. हे एक आपण होऊन पदरात पडत होतं.

फाल्गुन लागता लागता मंदाला मुलगा झाला. बाळंतिणीची खोली परसदाराला लागून, खिडकी पेट्यांच्या बाजूला. आठ दिवस एकही माशी आत गेली नाही. बेबाबाई खिडकीशी उभी राहून बाळ बघायची. "बाराव्या दिवशी घेजो मांडीवर," सुगंधाबाई म्हणायची. तोवर कशाला, असं.

नवव्या दिवशी विहीणबाई आल्या, भागाबाई. भारी लुगडं, डोक्याला घमघमणारं वासाचं तेल. आल्या त्या सरळ परसदारी तोंड धुवायला गेल्या आणि एवढं मोठं अंगण मोकळं सोडून बरोब्बर एका पेटीच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या माश्यांच्या वाटेत, वासाचं तेल लावून! एक माशी कानाच्या पाळीला डसली. भागाबाईंनी जी बोंब ठोकली ती वेशीपर्यंत गेली.

"बाळंतीणनी खोलीना मांगे हाई बला? मना नातूले काही व्हयनं ते कोणना जीव लिसू मी?"

लेकीच्या सासरच्यांपुढे लोटन नेहमीच दोरीसारखा वाकायचा. संध्याकाळीच बैलगाडी जुंपून पेट्या मळ्यात न्यायचं ठरलं. मळा घरापासून अर्ध्या कोसावर.

बेबाबाई त्याच्या आडवी गेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "भाऊ, हातभर सरकाड, नहीते दोन कोस लांब लई जाय. सोनगीरले गिरधर साहेब ठेई लेतीन. अर्धा कोसवर नको. रानमा जाणाऱ्या माश्यास्ले जुनी जागाच याद ऱ्हास, त्या आठेच परत येतीन."

"माश्यास्ले का घरना पत्ता लिखी देल शे?" लोटन म्हणाला. "आते सोनगीरले कोण जाई? बैलं दमेल शेतस."

बैलं दमली होती. बहीण दमली आहे का, ते पाहायची या घरात रीत नव्हती. पेट्यांच्या तोंडात गवताचे बोळे कोंबून अकराच्या अकरा पेट्या त्याने मळ्यात नेऊन ठेवल्या. बेबाबाई गाडीमागून चालत गेली, एकेक पेटी धरून उतरवली, बोळे काढले आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आला आणि माश्या आल्या. कांद्याच्या फुलांवरून भरलेल्या पायांनी त्या सवयीने परसदारी उतरल्या. तिथे पेट्या नव्हत्या. रिकाम्या स्टँडवर त्यांचे घोस लोंबू लागले, मग भिंतीवर, मग खिडकीच्या गजांवर. हजारो माश्या. चावत कोणालाच नव्हत्या. फक्त दार शोधत होत्या. पाच-सात खिडकीतून खोलीत गेल्या आणि आत एकच गलका झाला.

"भाऊ, एक पेटी परत आणी दे," बेबाबाई म्हणाली. "एकच. दिवस मावळाना आत सगळ्या तिनामा जातीन. मंग मी स्वता डोकावर सोनगीरले लई जासू." तिने त्याचे पाय धरले.

लोटन भागाबाईंकडे बघत होता. भागाबाई म्हणाल्या, "औषध मारा."

"पोऱ्या शे आत. औषध नको," सुगंधाबाई म्हणाली. तिच्या डोक्यात वेगळंच होतं. बाळंतिणीच्या अंघोळीचा हंडा चुलीवर खदखदत होता. तो तिने दोन फडक्यांनी उतरवला आणि तांब्यासकट बेबाबाईसमोर ठेवला. "तुले त्या चावतस नहीत. तूच कर."

बेबाबाईने हात मागे घेतले. तेव्हा खिडकीतून मंदाचा आवाज आला. रडवेला, घाबरलेला आवाज, गोवरात यायचा तसाच.

"फुई, करी टाक ना वं. मना पोऱ्यासाठे. परवा मध तुनाच हातना शे, मी मायले सांगेल शे."

बेबाबाईला त्या घरात कशाने वाकवायचं, ते एकट्या मंदालाच माहीत होतं.

तिने तांब्या बुडवला. पहिला घोस गळून पडला तेव्हा तिच्या तोंडून "माय वं" एवढंच निघालं. मग ती पाणी ओतत गेली. स्टँडवर, भिंतीवर, गजांवर, खाली पडलेल्या वळवळत होत्या त्यांच्यावर. हंडा संपला तेव्हा सुगंधाबाईने दुसरा आणून दिला. दुपारपर्यंत ते चाललं. संध्याकाळी आणखी आल्या, त्यांनाही. काहींच्या पायांना अजून पिवळे परागाचे गोळे होते. त्या दिवशी बेबाबाईला आठ-दहा डंख बसले. तिला ते नंतर हात सुजल्यावर कळलं. मेलेल्या माश्या तिनेच सुपात भरल्या आणि उकिरड्यावर टाकल्या. पाच सुपं झाली.

बारावा दिवस. बेबाबाईने पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. सुजलेल्या हातांना हळद चोळली होती, ती धुऊन काढली. बायका जमल्या. पाळणा बांधला होता. वाटीत तिचा शेवग्याचा मध, त्यात मंदाच्या सासऱ्याने दिलेली अंगठी. मंदाने बाळ मांडीवर घेतलं आणि फुईकडे पाहिलं. बेबाबाई पुढे झाली आणि वाटीला हात घातला.

"थांब," भागाबाई म्हणाल्या. "परवा उकयता पाणी टाकीसन इतला जीव मारात, त्याच हातनी मना नातूले मध? हजारो जीवनी हत्या शे त्या हातले. त्याना गुण लागी पोऱ्याले."

मग एक म्हणाली, "हाई बी खरं शे." मग दुसरी. सुगंधाबाईने चेहरा असा केला, जणू हे तिला आत्ताच सुचत होतं. ज्या हातांनी तिने हंडा उतरवला होता त्याच हातांनी तिने बेबाबाईच्या हातातून वाटी काढून घेतली. हत्या म्हणे! तांब्या धरणाऱ्याला हत्या लागली, हंडा तापवणाऱ्याला नाही आणि सांगणाऱ्याला तर नाहीच नाही.

बेबाबाईने मंदाकडे पाहिलं. एक शब्द पुरेसा होता. मंदाने मान खाली घातली आणि बाळाच्या टोपड्याची नाडी नीट करू लागली. ती नाडी नीटच होती.

मध भागाबाईंनी लावला. बाळाने जीभ बाहेर काढली, पुन्हा काढली, आणि सगळ्या बायका हसल्या. "मध मात्र एक नंबर शे," भागाबाई म्हणाल्या. "जाताना माले दोन बाटल्या भरी दे."

बेबाबाईने दोन बाटल्या भरून दिल्या. मळ्यातल्या पेट्यांत आता नुसत्या कोवळ्या माश्या उरल्या होत्या, बाहेर जाऊन काही आणायचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना जगवायला, पाक करून घालायला साखर लागली असती. साखर बुंदीला गेली होती.

दुपारी पंगती उठल्या, पाहुणे ओसरीवर आडवे झाले. मंदालाही डोळा लागत होता. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. बेबाबाई दाराशीच बसली होती. ती सवयीने उठली आणि पाळण्यावर वाकली.

"फुई," मंदा उशीवरूनच हळू आवाजात म्हणाली, "झोका दे वं जरासा. दोरी वढ. पोऱ्याले हात लावू नको."

बेबाबाईने वाकलेली पाठ सरळ केली. दोन पावलं मागे सरून भिंतीशी बसली, दोरी हातात घेतली आणि पाळणा हलवू लागली. बाळ थोड्या वेळाने गप्प झालं. मंदा झोपली. कोणी थांब म्हणालं नाही, म्हणून दिवेलागणीपर्यंत ती दोरी ओढत राहिली.