गढीच्या उतारावरचा दगड

गावाबाहेरच्या जुन्या गढीकडून उतरताना पायवाटेत एक तिरका दगड लागतो. दर रविवारी मी त्याच्यावरूनच सायकल उडवतो. क्षणभर जमीन सुटते आणि आठवडाभराचं ऑफिस मागे पडतं.

काल तिथे एक म्हातारी तांब्यातल्या पाण्याने तो दगड धूत होती. मी करकचून ब्रेक दाबले. धुळीखालून एक कोरलेला हात वर आला होता, कोपरात वाकलेला, मनगटभर बांगड्या ल्यालेला. आणि त्या बांगड्यांवरून आडवा, माझ्या टायरचा काळा पट्टा.

“सतीचा दगड हाय,” ती म्हणाली. “नातीचं लगीन हाय. नांदायला जायच्या आधी आमच्या पोरी हिला बांगडी वाहत्यात.”

जिवंत जळलेल्या बाईच्या हातावरून मी वर्षभर उड्या मारत होतो, आणि संसाराला निघालेल्या मुली तिच्याच पाया पडत होत्या.

“आजी, तो डाग माझ्या सायकलचा आहे,” मी कसाबसा म्हणालो.

तिने पदराने पट्टा पुसून पाहिला. तो गेला नाही.

“इतक्यांदा उडालास, कधी पडला न्हाईस न्हवं? तिनंच सांभाळलं तुला.”

आणि तिला कोणी सांभाळलं होतं, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.