मी थांबत होते तेच चुकलं

माझी नात बॅडमिंटन खेळते. जळगावच्या त्या हॉलमध्ये सर एक आणि पोरं चाळीस, त्यामुळे सरावाला समोरून शटल टाकून द्यायला घरचं माणूस लागतं. मुलगा दुकानात, सून नोकरीला. रिकामी मी. दोन वर्षं रोज सकाळी जाळीपलीकडे स्टुलावर बसून, मांडीवर टोपलं घेऊन, मी तिला शटल टाकलं. एक उजवीकडे, एक डावीकडे.

सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हिचं मनगट बघा. असं मनगट शिकवून येत नाही." मनगट होतंच चांगलं. शटल जाळीला चाटून पलीकडे गळून पडायचं. मीही फुगायचे.

घरी ती फोनवर जगातल्या मोठ्या बायकांचे सामने बघते. मी शेजारी बसते. एवढंसं पांढरं शटल मला दिसत नाही, म्हणून मी त्यांचे पाय बघते. वरच्या नंबरची बाई फटका मारून तो कुठे पडला हे बघत उभी राहत नाही. ती मधल्या जागी कधीच परत आलेली असते. हरणारी अर्धं पाऊल उशिरा येते. मनगटं दोघींचीही चांगलीच असतात. हे मी नातीला एकदा सांगितलं. मला चिडवायचं असलं की ती आमची अहिराणी बोलते. म्हणाली, "आजी, तुले शटल तरी दिसस का?"

मग धुळ्याला निवडीचा सामना झाला. जिंकेल ती राज्याच्या शिबिराला जाणार होती. समोर एक काटकुळी मुलगी, फटके साधेच. सुरुवातीला आमची पुढे होती. पण ती मुलगी प्रत्येक शटल परत पाठवत राहिली. आमची सुंदर फटका मारायची, सरळ उभी राहायची, केस कानामागे घ्यायची, आणि तोवर शटल अंगावर आलेलं असायचं. हे चारपाच वेळा झालं. तेव्हा ही का थांबते, ते मला कळलं. तिचे केस कानामागे जाऊन तिनं मान हलवल्याशिवाय दोन वर्षांत मी एकही शटल टाकलं नव्हतं. पोरगी दमेल म्हणून थांबायचे. थांबायला मीच शिकवलं.

हरली. परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत मुलगा हॉलमधल्या वाऱ्याला बोल लावत होता. सर म्हणाले, पंचानं दोन गुण खाल्ले. मी म्हटलं, "वारा नाही आणि पंच नाही. माझ्यामुळे हरली."

"आई, आता तू सुरू नको होऊ," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न थांबता टाकलं. पहिलं तिनं मारलं, दुसरं खांद्यावर आदळलं, तिसऱ्याला ती ओरडली, "थांब ना आजी."

"काल ती समोरची थांबली का?"

तिनं रॅकेट पिशवीत घातली आणि बाकावर जाऊन बसली. सर माझ्याकडे आले. "अक्का, हळू घ्या. पोरीचा आत्मविश्वास जाईल."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "त्याच्यानं एक सामना तरी जिंकली का?"

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, हॉललाही आली नाही. पाचव्या दिवशी आली. मी न थांबता टाकत होते, ती चुकत होती, शिव्या तोंडातल्या तोंडात देत होती, आणि पुन्हा मध्ये येत होती. महिनाभरात केसांकडे जाणारा हात गेला. मला वाटलं, आता जमलं.

जमलं कुठलं. आता तिचे पाय लवकर परत येतात आणि माझा खांदाच वर जात नाही. वीस शटल झाली की हात जड होतो. डाव्या हातानं टाकून बघितलं, तर शटल जाळीतच अडकतं. सरांना म्हटलं, रोज दहा मिनिटं तुम्ही टाका. ते म्हणाले, चाळीस पोरं आहेत अक्का. मुलाला म्हटलं, दुकान तासभर उशिरा उघड. तो म्हणतो, बघू. पुढची निवड वर्षभरावर होती आणि बघू म्हणता म्हणता दोन महिने गेले. ती मध्ये येऊन उभी असते, गुडघे वाकवून, आणि शटल माझ्या हातातच असतं.