लाल खूण, हिरवी खूण

डोंगरावरचा वणवा खाली सरकू लागला तशी सगळ्यांना घरं सोडावी लागली. पायथ्याला राहणारा एक वेल्डर बायकोला घेऊन मेहुणीकडे गेला. शेजारच्या आक्का, निवृत्त नर्स, भाचीकडे गेल्या.

जन्मभर ठिणग्यांत वावरलेला माणूस, पण आता त्याच्या जिवाला चैन नव्हतं. जेवतानाही मोबाईल ताटाशेजारी. त्यात वणव्याचा नकाशा होता; उपग्रहाला जिथे आग दिसे तिथे त्यावर ठिपका उमटे. ठिपके वाढले की याचा घास अडे, आणि वाढायचे थांबले की वाटे, नकाशाच बंद पडला.

"अहो, घासून घासून काच झिजेल," बायको म्हणायची.

"झिजू दे."

वणवा विझल्यावर नवा नकाशा आला, घराघरावर खूण असलेला. हिरवी म्हणजे शाबूत, लाल म्हणजे जळालेलं. वेल्डरचं घर लाल होतं. त्याने ते पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं, मग आक्कांना फोन लावला. त्यांना मोबाईलमधलं फारसं कळत नसे.

"आक्का, तुमचं वाचलं."

"आणि तुझं?"

"लाल खूण आहे. गेलं."

"बरं. माझी मागची खोली रिकामीच असते," आक्का म्हणाल्या. "सामान तिथे टाका."

रस्ता खुला झाल्यावर तिघं एकाच गाडीतून गेले. वेल्डरचं घर जागच्या जागी होतं. पत्रा काळवंडलेला, कुलूप तसंच. शेजारी आक्कांच्या घराच्या भिंतींची नुसती थोटकं उभी होती. दोन्ही फाटकं एकाच बोळात असल्यामुळे नकाशा करणाऱ्या कुणाच्या तरी हातून खुणांची अदलाबदल झाली होती.

"वाचलं," बायकोच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने लगेच पदर तोंडाला लावला.

वेल्डरला आक्कांकडे बघवेना. "मीच सांगितलं तुम्हाला," तो म्हणाला.

"तू दिसलं ते सांगितलंस." आक्का राखेत चपलेने काहीतरी उकरत होत्या. बराच वेळ उकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "दार उघड. मला जरा बसू दे."

त्या दिवसापासून आक्का त्यांच्याकडेच आहेत. वेल्डरने नकाशावाल्यांना फोन करून खुणा दुरुस्त करून घेतल्या. तरी कामावर असताना तो मध्येच हातमोजा काढून नकाशा उघडतो. डोंगरावर एकही ठिपका नसतो. तो मोबाईल खिशात ठेवतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा काढतो.