सलामीचा आठवा बार

सात बार झाले होते, चार उरले होते. श्रीमंत पर्वती उतरत होते आणि सलामीत खंड पडला, तर तोफखान्याचे दारोगासाहेब आमची सालटी काढणार हे ठरलेलं. "आटपा रे, आटपा!" मीच ओरडत होतो. त्या तोफेवर जमादार मी.

गजावर पास्कू, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. गज म्हणजे दारू आत ठासायचा लांब दांडा. कानावर मनवेलकाका, आमच्यातले सगळ्यात जुने गोलंदाज. तोफेच्या मागच्या अंगाला बत्ती द्यायचं भोक असतं, तो कान. ठासताना त्यावर अंगठा गच्च दाबून धरायचा. नळीत ठिणगी उरली असली आणि कानातून वारा शिरला, की नवी दारू पेटलीच. मग ठासणाऱ्याचे हात जातात, जीवही जातो. म्हणून प्रत्येक बारानंतर नळीत ओला बोळा दोनदा फिरवायचा. त्या दिवशी घाईत मी एकदाच फिरवायला लावला.

पास्कूनं दारू तळाशी नेली, तेवढ्यात दुपारची घंटा झाली. आम्हा किरिस्तावांचं गवती छपराचं देऊळ तोफखान्यामागेच होतं. घंटा ऐकली की हातातलं टाकून क्रूस काढायचा, ही आईच्या मांडीवरची सवय. काकांचा उजवा हात कपाळाकडे गेला. कानावरचा अंगठा सुटला!

धडाम्! गज सुसाट गेला तो थेट वांग्याच्या शेतात. मी धुरात शिरलो. "पास्कू! अरे पास्कू!" बहिणीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

धूर विरला. पास्कू उभा! भुवया जळालेल्या, पण दोन्ही हात शाबूत. उजवा अजून छातीवर. घंटा ऐकून त्यानंही गज सोडला होता, क्रूस काढायला!

"दादा, मी मेलो का हो?"

"गप रे, गाढवा!" त्याला कवटाळून मी ढसाढसा रडलो. देवा, वाचवलंस रे बाबा! काका मात्र मटकन खालीच बसले.

उरलेले बार शेजारच्या तोफेनं काढले. दारोगासाहेब आले. मी सगळं सांगितलं, बोळ्यासकट.

"म्हणजे घंटेनंच मारलं आणि घंटेनंच वाचवलं," ते म्हणाले. "शिक्षा कोणाला करू? घंटेला?"

"मला करा, साहेब. बोळा मी चुकवला."

"करणारच. आधी तुमच्या देवाचे आभार मानून या. तो जागा होता, जमादार झोपला होता."

तसेच काळ्या तोंडांनी देवळात गेलो. गुडघे टेकले, पण काकांचा हात वर उठेना. पास्कूनंच तो धरून त्यांच्या कपाळाला लावला. तेव्हा कुठे ते हमसून रडले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी प्रार्थना म्हटली नव्हती.

घंटेच्या वेळी तोफ थांबवायची, असा हुकूम निघाला. माझी जमादारी गेली, वर्षभर मी बोळ्यावर. प्रत्येक बाराला दोनदा फिरवायचो, कधी तीनदा.

पास्कू वैतागला एकदा. "दादा, पुरे की! देव आहे ना सांभाळायला?"

"आहे ना," मी म्हणालो. "पण बोळ्याला त्यानं मला ठेवलंय."