बंगल्याच्या भिंतीवर गिटार

पुण्याजवळच्या सूसमधल्या आमच्या सोसायटीत एक बँड आहे. चार जण, चौघेही आयटीतले. त्यांचा सराव मी पहिल्यांदा क्लबहाऊसमध्ये पाहिला तेव्हा अर्धा वेळ वायरींवर बोलण्यात गेला, उरलेला वायरी जोडण्यात. गाणं सुरू होताहोता कुणाच्या तरी घरून जेवायला बोलावणं आलं. मला तेव्हा यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावी शिकून इथवर आलो, याचं मला अजूनही अप्रूप आहे. इंग्रजीत बोलणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त जाणतो, ही समजूत मनातून जायला फार वर्षं लागली. ती घालवायला या चौघांची मोठी मदत झाली. त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

माझी गिटार साधी, लाकडी, पोकळ पोटाची. माझे वडील गावच्या शाळेत शिपाई होते. बँकेतले एक साहेब बदली होऊन निघाले तेव्हा वडिलांनी त्यांचं सगळं सामान बांधून दिलं. साहेब म्हणाले, हे लोखंडी कपाट घेऊन जा. वडिलांनी कपाटाऐवजी कोपऱ्यातली गिटार मागितली. आईने त्यावरून त्यांना कित्येक दिवस सुनावलं. "कपाटात कपडे तरी राहिले असते. ह्यात काय ठेवू, डाळ?" वडिलांना ती वाजवता येत नव्हती, मलाही येत नव्हती. मी कॉलेजात असताना शिकलो. तारा इतक्या उंच होत्या की बोटं सोलून निघायची. पण मी जे काही वाजवतो ते तिच्यावरच शिकलो.

बँडच्या म्होरक्याने मला गणपतीच्या कार्यक्रमासाठी घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "बॉस, ही नाही चालणार. हिचा आवाज पोचतच नाही. तू असं कर, माझ्याकडे एक इलेक्ट्रिक पडून आहे, ती घे. ही मला दे. माझ्या मुलीला शिकायला होईल."

त्याची इलेक्ट्रिक गिटार पाहून मला वाईटच वाटलं. कडांचा रंग उडालेला, हात टेकतो तिथलं लाकूड उघडं पडलेलं. मी विचारलं, "कुणाची होती? फार वाजवलेली दिसते."

तो खूप हसला. "अरे, नवीनच आहे. फॅक्टरीतच घासून देतात. त्याचेच जास्त घेतात!"

म्हणजे दुसऱ्या कुणी आयुष्यभर वाजवल्यासारखी दिसावी म्हणून याने जादा पैसे मोजले होते. वाजवण्याचे कष्ट तेवढे वाचवले. मला हसू यायला हवं होतं. मी मात्र मान डोलावली, जणू मला हे आधीपासून ठाऊक होतं.

वडिलांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तुझी हाय, तू ठरव. पण वाजवणाऱ्याच्या हातात जाऊ दे. एवढं बघ." म्होरक्याच्या मुलीचं मी त्यांना सांगितलं. त्यांना बरं वाटलं. "पोरगी शिकत असली तर लई चांगलं," म्हणाले. त्यांची एवढी एकच अट होती आणि ती पाळली जाणार असं समजून मी अदलाबदल केली.

गणपतीचा कार्यक्रम झाला. आवाज पोचला. पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचे अलार्म वाजले, इतका पोचला. सूर पोचला की नाही, ते विचारायची तिथे पद्धत नव्हती.

मग म्होरक्याने मुठा गावी बांधलेल्या नव्या बंगल्यावर आम्हाला बोलावलं. ज्याची जमीन घेतली, तोच शेतकरी आता तिथे राखणदार होता. सगळे त्याला मामा म्हणत. मी इलेक्ट्रिक गिटार घेऊन पायऱ्या चढलो तेव्हा मामांनी तिच्या उडालेल्या रंगावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "नवी घ्यायला जमलं न्हाई व्हय?"

आत हॉलच्या भिंतीवर बैलगाडीचं चाक होतं, कंदील होता, जात्याची तळी होती. आणि त्यांच्या मधोमध माझी गिटार. तारा काढलेल्या. समोरून तीन स्क्रू मारलेले, एक मानेच्या टोकाला, दोन पोटातून आरपार. त्यांच्यावर शोभेच्या पितळी टोप्या.

"कसं दिसतंय?" म्होरक्याने विचारलं. "आर्किटेक्ट म्हणाला, भिंतीला काहीतरी ऑथेंटिक पाहिजे."

"मुलगी शिकणार होती ना?"

"तिने यूकेलेली घेतली. कॉम्पॅक्ट पडते. अरे, कसला चेहरा केलायस? तुझ्याकडे कोपऱ्यात धूळ खात पडली असती. इथे बघ, येणारा प्रत्येक जण हिचा फोटो काढतो."

बाकीचे तिघे हसले. त्यातला एक खरोखरच फोटो काढत होता. वाद्याला भोक पाडताना सुताराचाही हात थांबला असेल. यांचा फोटो काढतानाही थांबला नाही. गिटारविषयी तासन्‌तास बोलणाऱ्या या चौघांपैकी एकालाही पोटात स्क्रू मारलेली गिटार पाहून काही वाटलं नव्हतं. त्यांना वाद्य कधी दिसलंच नव्हतं. वस्तू दिसत होत्या.

मी म्हणालो, "मला ती परत हवी आहे."

"डील झालंय, यार."

"शिकायला देतोय म्हणून झालं होतं."

"एवढं इमोशनल? तुझ्यासारख्यांचं हेच असतं."

'तुझ्यासारख्यांचं' म्हणजे कुणाचं, हे त्याने सांगितलं नाही. मला ते कळलं. आणि पहिल्यांदाच त्या शब्दाने मला लहान वाटलं नाही.

मी बाहेर जाऊन मामांकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. त्यांनी कशासाठी, ते विचारून घेतलं. मग खोपटातून तो आणून माझ्या हातात दिला आणि दारातूनच आत बघत म्हणाले, "आता हात घातलाच हाय तर माझं चाकबी काढा. तितं लटकून काय करतंय बिचारं?"

"चाक विकलंय तुम्ही, मामा," म्होरक्या ओरडला.

"व्हय की. गाडीला लावाल म्हनून इकलं."

मी स्टुलावर चढलो. टोप्या काढल्या, स्क्रू काढले. कुणी अडवलं नाही. अडवायला हात लावावा लागतो, आणि चौघांच्याही हातात ग्लास होते. इलेक्ट्रिक गिटार मी सोफ्यावर ठेवली. म्होरक्या एवढंच म्हणाला, "भिंतीवर डाग राहिले बघ."

घरी येऊन नव्या तारा चढवल्या. पोटातल्या दोन भोकांमुळे आवाज थोडा सैल येतो. खालच्या दोन तारांवर काहीतरी थरथरतं. भोकांत लाकडी पाचरी बसवून बघणार आहे. वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शिकलेली माणसं म्हणतोस ना ही?"

मी हो म्हणालो.

बँडमधून मला काढल्याचं कुणी सांगितलं नाही. बँडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून माझं नाव गेलं, तेव्हा कळलं. मी त्या वेळी गिटार वाजवत होतो. खिडकी उघडी होती.